शिनोळीपलीकडे आईच्या गोळ्या कशा पोचवू? मदत हवी आहे

मी कर्नाटकात बेळगावात, आई महाराष्ट्रात चंदगड तालुक्यात; मध्ये शिनोळीला राज्याची हद्द. तिच्या थायरॉईडच्या गोळ्या दर महिन्याला मीच इथून नेतो. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यूत थाळी वाजवली तेव्हा वाटलं, एका दिवसाचं काम आहे. गोळ्या नेऊन ठेवायचं डोक्यातच आलं नाही. आता कोरोनामुळे २५ पासून २१ दिवस सगळं बंद! काल गाडी काढली तर वाटेतूनच परत पाठवलं. डॉक्टरची चिठ्ठी दाखवली, तरी "राज्य वेगळं" म्हणे. सोयरीक करताना कुणी राज्य बघितलं होतं? आईच्या पाकिटात पाचच गोळ्या उरल्यात. फोनवर म्हणते, "अर्धी अर्धी घेते की." कुणाची दुधाची, भाजीची गाडी तिकडे जाते का? नाहीतर चंदगडात ५० मायक्रोग्रॅमची गोळी कुठल्या दुकानात आहे, तेवढं तरी सांगा.