मदत हवी आहे: बाळंतपणाची रजा मागितली तर ‘राजीनामा लिही’ म्हणतात

काजबटण
सोलापूर. बहीण गणवेशाच्या कारखान्यात शिवणावर आहे, तीन वर्षं झाली. सातवा लागलाय. सुपरवायझर म्हणतो नगावरच्या बायकांना रजा नसते, राजीनामा दे, नंतर परत घेऊ. सोमवारपर्यंत सही हवीय त्यांना. करायची का? पटकन सांगा.

पाटीपेन्सिल
सही अजिबात नको. पण पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विम्याची वर्गणी कापतात का? माणसं किती? पहिलं की दुसरं? डॉक्टरांनी तारीख कोणती दिलीय? कामाचं काहीच लिहिलं नाहीत.

काजबटण
कापतात बहुतेक. स्लिप नसते, रोख पाकीट. 40 जण असतील. पहिलं आहे. सप्टेंबरचा दुसरा आठवडा.

सरळटाका
नगावर म्हणजे कंत्राटच. काही मिळत नाही, उगाच वाईटपणा नको. घरी एक ओव्हरलॉक मशीन घ्या, ब्लाउजची कामं भरपूर मिळतात.

हजेरीपट
सरळटाका, मशीन कुणी विचारली? आणि नगावरचं साफ चूक. 10 किंवा जास्त माणसं असली की ईएसआय लागू, पगार महिन्याला 21,000च्या आत हवा. नगावर की महिन्यावर, हा प्रश्नच नाही. पगारातून 0.75 टक्के जातात, मालक 3.25 भरतो.

पहिलं बाळंतपण म्हणजे 26 आठवडे, त्यातले तारखेआधी जास्तीत जास्त 8. पैसे कारखाना नाही, ईएसआय देतं, सरासरी रोजाइतके पूर्ण. रोज 400 पडत असेल तर 182 दिवसांचे 72,800.

अट 70 दिवसांच्या वर्गणीची. सप्टेंबरसाठी गेल्या वर्षीचा एप्रिल ते यंदाचा मार्च एवढेच दिवस धरतात.

काजबटण
एप्रिलपासून उलट्यांमुळे बरेच खाडे झालेत. मग गेलंच ना?

हजेरीपट
नाही. मार्चनंतरचे खाडे यात येतच नाहीत.

कलमवाला
1961चा मातृत्व लाभ कायदा वाचा, त्यात 80 दिवस आहेत. 70 कुठून आणले?

पाटीपेन्सिल
तो ईएसआय नसलेल्यांसाठी. शिवाय 21 नोव्हेंबर 2025 पासून ते सगळं सामाजिक सुरक्षा संहितेत गेलंय. 80 दिवस आणि 26 आठवडे तिथेही तेच, कलमांचे आकडे तेवढे बदलले.

कलमवाला
म्हणजे आकडा माझाच बरोबर.

दूरचापाहुणा
बांगलादेशात बघा. 24 एप्रिल 2013ला राणा प्लाझा पडली, 1,134 माणसं गेली, बहुतेक शिवणाऱ्या बायकाच. त्यानंतर कुठे परदेशी ब्रँडांनी इमारती तपासायचा करार केला. आपल्याकडे गणवेश शाळेत जातात, ब्रँडला लाज वाटायचा प्रश्नच नाही.

पाटीपेन्सिल
मुद्दा खरा, पण त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे सोमवार जवळ आलाय. काजबटण, सरकारच्या उमंग ॲपवर तिचा 10 आकडी विमा क्रमांक टाकून किती दिवस भरलेत ते पाहा.

काजबटण
जुनं कार्ड सापडलं. वर्षाचे फक्त 52 दिवस दाखवतंय!! ती तर रविवार सोडून रोज जायची.

हजेरीपट
नेहमीची खोड. महिन्यात 25 दिवस काम करून घ्यायचं आणि भरताना चार-पाच दाखवायचे, म्हणजे मालकाचाही हिस्सा वाचतो. पण नियमातला शब्द ‘देय’ आहे, ‘भरलेले’ नाही. मालकाने बुडवले तरी हक्क तिचा. ईएसआयच्या शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ते चौकशी करून मालकाकडून वसूल करतात. मात्र रोज कामावर होती हे दाखवावं लागेल. रोजचे नग कशात लिहितात?

काजबटण
छोटी वही असते. तारीख, बंडल नंबर, कॉलर किती, बाही किती. शेवटी सुपरवायझरची सही.

हजेरीपट
सही असलेली! मग प्रत्येक पानाचा फोटो काढा, तारीख आणि सही दोन्ही दिसली पाहिजे. वही घरी असते ना?

काजबटण
नाही. संध्याकाळी लाइनवरच जमा करतात.

पाटीपेन्सिल
मग उद्याच, जेवणाच्या सुट्टीत. तक्रारीचं नाव काढायच्या आधी.