गाडी कधी सुरू होते, कधी होत नाही : दोष नेमका कसा सापडला, ते लिहा

पूर्ण बंद पडलेल्या गाडीचे निदान तुलनेने सोपे असते, कारण दोष समोर हजर असतो. जी गाडी घरी सेल्फ घेत नाही आणि टोचन करून गॅरेजमध्ये नेल्यावर पहिल्याच किल्लीला सुरू होते, तिचे निदान मात्र अंदाजावर जाते आणि त्या अंदाजाचा खर्च मालकाच्या माथी पडतो. आधी बॅटरी बदलली जाते, मग सेल्फ (इंजिनाला पहिले फेरे देणारी मोटर), मग पेट्रोलचा पंप, आणि काही दिवसांनी गाडी पुन्हा तशीच उभी राहते.

मी साताऱ्यात औद्योगिक प्रशिक्षणाच्या वर्गांना मोटार मेकॅनिक हा विषय शिकवतो. अधूनमधून येणारा दोष हा तो हजर असतानाच मोजला पाहिजे, आणि त्या क्षणी गाडीजवळ मेकॅनिक नसतो, मालक असतो, असे माझे ठाम मत आहे. म्हणून दोन-चार साध्या तपासण्या मालकालाच यायला हव्यात. त्यासाठीच सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील गाडीमालकांना आणि चालकांना येथे अनुभव लिहिण्याची विनंती करत आहे.

लिहिताना सर्वांत आधी सांगावे की सेल्फ फिरत होता की नाही. सेल्फ फिरत नसेल तर शोध बॅटरी, जोडण्या, सेल्फ आणि त्याला हुकूम देणारी वायर एवढ्यापुरता राहतो; सेल्फ जोमाने फिरूनही इंजिन पकडत नसेल तर इंधन, ठिणगी, सेन्सर आणि इमोबिलायझर (किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) यांच्याकडे वळावे लागते. त्यानंतर इंजिन गरम होते की गार, आवाज कसला आला आणि डॅशबोर्डवर कोणता दिवा होता, ते लिहावे. कोणता भाग बदलला एवढ्यावर थांबू नये. तोच भाग दोषी होता हे कशावरून ठरले, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते.

आकडे हाताशी असावेत म्हणून देतो. विश्रांतीत असलेली, पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि १२.२ म्हणजे ती साधारण निम्मी उरली आहे. सेल्फ फिरत असताना बॅटरीचा दाब ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळत असतील तर चार्जिंग ठीक आहे.

वाई, पेट्रोल हॅचबॅक

पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढून उतरल्यावर सुरूर फाट्याला चहासाठी थांबलो की आमची गाडी परत सुरू होत नसे. सेल्फ उत्तम फिरे, इंजिन मात्र पकडत नसे, आणि अर्ध्या तासाने काहीही न करता गाडी चालू होई. वाईतल्या वाईत फिरताना हा त्रास कधीच झाला नाही, त्यामुळे गॅरेजमध्ये दोष दाखवता येत नव्हता आणि संगणकात एरर कोडही साठलेला नसे.

शेवटी एका वायरमनने स्कॅनरसह सोबत येण्याची तयारी दाखवली. गाडी पुन्हा अडली तेव्हा सेल्फ फिरत असतानाही स्कॅनरवर इंजिनाचे फेरे शून्यच दिसत होते. याचा अर्थ, क्रँक सेन्सरकडून इंजिनाच्या संगणकाला इंजिन फिरत असल्याचा संकेतच जात नव्हता, आणि तो संकेत नसेल तर संगणक ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही फवारत नाही. त्यांनी सेन्सरवर ओले फडके धरले, आणि थोड्या वेळात गाडी सुरू झाली. आमच्या गाडीतला सेन्सर दोन वायरींचा आहे. त्यातील तांब्याची बारीक गुंडाळी आतून तुटलेली होती आणि गरम होऊन प्रसरण पावली की तिची टोके एकमेकांपासून सुटत. काढलेला सेन्सर मीटरवर गार असताना ठीक दिसत होता, गरम केल्यावर सर्किट उघडे दाखवू लागला. माझ्या मते या दोषाचा शोध गाडी गार असताना घेण्यात काहीच अर्थ नाही.

सांगली, गावभाग, पेट्रोल सेदान

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, आणि तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमची गाडी त्या पाण्यात होती. नंतर ती खोलून धुतली, तेल बदलले, आसने उन्हात वाळवली, आणि ती व्यवस्थित चालू लागली. पुराच्या गाडीचे दुखणे उशिरा डोके वर काढते, हे पुढल्या पावसाळ्यात कळले. सकाळी किल्ली फिरवली की बॉनेटखालून फक्त एक 'टक्' असा आवाज येई आणि पुढे काहीच होत नसे. चार-पाच वेळा किल्ली फिरवल्यावर एखाद्या वेळी सेल्फ असा फिरे की जणू काही झालेच नव्हते.

बॅटरी नवीनच होती. माझे मेहुणे मिरजेला विद्युत खात्यात नोकरीला होते, त्यांनी मीटर आणला आणि एक गोष्ट लगेच दाखवून दिली. किल्ली फिरवून 'टक्' आवाज येत होता त्या क्षणीही बॅटरीचा दाब १२ व्होल्टच्या वरच राहत होता. सेल्फ हा गाडीतला सर्वांत जास्त प्रवाह ओढणारा भाग आहे. तो खरोखर प्रवाह घेत असता तर दाब खाली आलाच असता. म्हणजे बॅटरी सक्षम होती, पण मधल्या वाटेत कुठेतरी अडथळा होता. मग त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरी थेट इंजिनाच्या उघड्या धातूला लावली आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. चांगल्या जोडणीत तेथे ०.२ व्होल्टपेक्षा कमी फरक दिसायला हवा. आमच्याकडे चार व्होल्टच्या आसपास दिसला. बॅटरीने दिलेल्या दाबाचा मोठा हिस्सा अर्थिंगच्या, म्हणजे प्रवाह बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या, वाटेवरच खर्ची पडत होता.

इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची जाड पट्टी बाहेरून धडधाकट दिसत होती. ती काढल्यावर वरच्या आवरणाखालची तांब्याची जाळी हिरवी पडून भुसभुशीत झालेली आढळली, आणि बॉडीवरच्या नटाखाली गंज होता. गिअरची केबल सेल्फ मारताना गरम का होते, याचेही उत्तर त्यातच मिळाले : नेहमीची वाट बंद झाल्याने प्रवाह त्या केबलमधून परतत होता. नवी पट्टी घातली, तिच्याखालचा रंग आणि गंज कानशीने काढला, आणि तो त्रास संपला.

ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांनी जंपर केबलची एक बाजू बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनाच्या धातूला लावून किल्ली फिरवावी. तेवढ्याने सेल्फ फिरला तर दोष अर्थिंगचाच आहे. आपल्या भागात पुराच्या पाण्यातून निघालेल्या गाड्या पुढे विकल्याही गेल्या आहेत. वापरलेली गाडी घेणाऱ्यांनी ही तपासणी आवर्जून करावी.

वाळवा तालुका

ऊसतोड सुरू झाली की फडातले उंदीर वस्तीकडे सरकतात. आमच्या डिझेल गाडीची सेल्फकडे जाणारी बारीक वायर त्यांनी कुरतडली होती. दोन-तीन धागे शिल्लक असल्याने संपर्क कधी होई, कधी तुटे. ती वायर हाताने हलवल्यावर सेल्फ लागला आणि दोष तिथेच उघड झाला.

कराड, सीएनजी गाडी

मी ही गाडी वापरलेली घेतली आणि थोड्याच दिवसांत ती सकाळी अडू लागली. सेल्फ फिरे, इंजिन पकडत नसे. आमची गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन तापल्यावर सीएनजीवर जाते, त्यामुळे दिवसभर सीएनजीवर चालणाऱ्या गाडीतही पेट्रोलचा पंप शाबूत असावाच लागतो. तो पंप टाकीत बुडालेला असतो आणि भोवतालचे पेट्रोलच त्याला गार ठेवते. टाकी कायम रिझर्व्हवर ठेवली की तो झिजतो.

किल्ली 'ऑन' केल्यावर दोन-तीन सेकंद मागच्या आसनाखालून येणारा गुणगुणता आवाज अडलेल्या दिवशी येत नसे, हे माझ्या लक्षात आले. टाकीच्या तळाला रबरी हातोडीने हलकेच ठोकल्यावर तो आवाज आला आणि गाडी सुरू झाली. तरीही लगेच पंप बदलला नाही, कारण पंपाला वीज पोहोचत नसली तरी हेच लक्षण दिसते. पुन्हा अडल्यावर पंपाच्या कनेक्टरवर पूर्ण १२ व्होल्ट मिळाले आणि पंप तरीही गप्प होता. तेव्हाच पंप दोषी ठरवला. तेथे वीज नसती तर रिले आणि फ्यूज तपासले असते.

पाचगणी, ऑटोमॅटिक गिअरची गाडी

गिअर 'पी'वर असताना किल्ली फिरवली की काहीच होत नसे, टक् आवाजही नाही. ब्रेक दाबून गिअर 'एन'वर घेतला की गाडी लगेच सुरू होई. गिअरची स्थिती सांगणारा स्विच 'पी'ची नोंदच देत नव्हता.

मिरज

किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकत असेल तर इंजिनाकडे जाण्याआधी दुसरी किल्ली वापरून पाहावी. माझ्या जुडग्यात दोन गाड्यांच्या चिपच्या किल्ल्या एकत्र होत्या आणि त्या एकमेकींच्या संकेतात अडथळा आणत होत्या. वेगळ्या केल्यावर दिवा थांबला.

विटा, डिझेल

रात्रभर चढावर तोंड करून उभी केलेली गाडी सकाळी खूप वेळ सेल्फ मारल्यावर सुरू होत असे. सपाटीवर उभी केली तर त्रास नसे. फिल्टरजवळ पारदर्शक नळी जोडून पाहिली तेव्हा डिझेलसोबत हवेचे बुडबुडे येताना दिसले. डिझेल टाकीकडे उतरून जात होते आणि चिरलेल्या जोडनळीतून हवा आत शिरत होती. नळी आणि क्लिप बदलली, हातपंपाने हवा काढली.

सातारा, प्रवासी वाहतूक

सर, माझी अडचण अजून सुटलेली नाही. कासला प्रवासी नेले, गाडी तासभर चालवून बंद केली की पुन्हा सेल्फ लागत नाही, दिवे मात्र पूर्ण लख्ख असतात. गार झाल्यावर लागतो. सेल्फ बदलावा असे दोन ठिकाणी सांगितले, पण दोघांनीही काही मोजले नाही.

साताऱ्याहून, धागा सुरू करणाऱ्याचे उत्तर

सेल्फ इतक्यात बदलू नये. सेल्फवर सॉलेनॉइड म्हणजे किल्ली फिरवल्यावर सेल्फला प्रवाह जोडणारा विद्युतचुंबकी स्विच असतो. गरम झाल्यावर त्याच्या गुंडाळीचा रोध वाढतो आणि तिला पूर्ण दाबाची गरज भासते. तो दाब इग्निशन स्विचच्या झिजलेल्या संपर्कातच कमी होत असेल तर नवा सेल्फही तसाच अडेल. गाडी गार असताना, गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला ठेवून, सॉलेनॉइडच्या बारीक वायरीवरून एक फ्यूज लावलेली वायर केबिनमध्ये घ्यावी आणि तिला मीटर जोडून ठेवावा. ती वायर एक्झॉस्टला किंवा इंजिनाच्या फिरत्या पट्ट्याला लागणार नाही अशी बांधावी. गाडी अडेल तेव्हा किल्ली फिरवून आकडा पाहावा. अकरा व्होल्टच्या आसपास येऊनही सेल्फ गप्प राहिला, आणि जाड वायर व अर्थिंग वर गावभागाच्या अनुभवात सांगितल्याप्रमाणे तपासून ठीक निघाली, तर सॉलेनॉइड किंवा कार्बन ब्रश खोलून पाहावेत. सात-आठ व्होल्टच आले तर स्विच किंवा मधली वायर दोषी आहे, आणि काहीच आले नाही तर क्लचच्या स्विचपासून (क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागू न देणारा स्विच) सुरुवात करावी. आकडा येथे कळवा, म्हणजे पुढे काय खोलायचे ते ठरवता येईल.