काय लावलं आणि काय परत काढलं? खान्देशातल्या स्पोर्ट बाईकवाल्यांनो, लिहा

जळगाव, आर१५ व्ही३ (धागा मीच काढतोय)

काल माळा आवरताना एक खोकं पायावर पडलं. आत माझा जुना सायलेन्सर. साडेसहा हजारांना घेतलेला, पाच महिने वाजवलेला, तेव्हापासून माळ्यावर. अंगठा सुजलाय, बसल्या बसल्या म्हटलं धागा काढू.

गाडी २०१९ च्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घेतली. १५५ सीसी, सहा गिअर. ७,४०० आरपीएमला व्हीव्हीए लागतो, म्हणजे इनटेकचे व्हॉल्व्ह जास्त उघडायला लागतात, आणि तिथे इंजिनाचा सूर बदलतो. टेस्ट राइडला तो सूर ऐकूनच मी पैसे भरले होते. आणि पहिल्याच महिन्यात बाहेरचा सायलेन्सर लावून तोच सूर बुजवून टाकला! नुसता फटफटाट. हे कळायला मला पाच महिने लागले, शेजारच्या आजींना पाच मिनिटं. "तुया गाडीले खोकला झाला का रे?"

पुढे आकाशवाणी चौकात पकडलं. तेव्हा कायदा वाचला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकानं तसा केला तर प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रंग बदलला तर आरसीवर नोंद हवी. इन्शुरन्सवाल्याला न सांगता काही लावलं आणि अपघात झाला, तर क्लेमच्या वेळी तो त्याकडेच बोट दाखवेल.

माझ्याकडे टिकलं काय? टाकीवर ओरखडे नकोत म्हणून चिकटवायचं टँक पॅड आणि मागचं चाक उचलून गाडी उभी करायचा पॅडॉक स्टँड. बस.

सल्ले नकोत, स्वतःचं लिहा. काय लावलं, किती दिवस राहिलं, का काढलं. जे अजून गाडीवर आहे तेही येऊ द्या.

सावदा, पल्सर आरएस२००

आमची केळीची बाग. गाडी पांढरी. ही दोन वाक्यं एका माणसाच्या आयुष्यात एकत्र येऊ नयेत. केळीचा चीक कपड्यावर पडला की काळा डाग जन्मात जात नाही, आणि फेअरिंगच्या (बाहेरच्या प्लॅस्टिकच्या) स्टिकरवर पडला की स्टिकर बदलावं लागतं.

मी मागचं मडगार्ड काढून टेल टायडी लावली होती. नंबर प्लेट सीटखाली सरकली, मागचं चाक पूर्ण उघडं. फोटोत गाडी दीड पट महाग दिसायची. जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि वडिलांना मागं बसवून बागेकडे निघालो. आपली काळी माती तुम्हाला माहीत आहे, ती उडत नाही, ती थापली जाते. बागेत पोहोचलो तेव्हा वडिलांच्या सदऱ्यावर कमरेपासून मानेपर्यंत एक सरळ पट्टा. ते रागावले नाहीत, तेच वाईट. फक्त विचारलं, "एवढी महाग गाडी घेतली, मडगार्डाले पैसे कमी पडले का तुले?" संध्याकाळी मडगार्ड परत.

मागचा टायर १३० चा आहे, त्या जागी १५० टाकायचा विचार होता. दुकानदारानंच थांबवलं. म्हणे रिम तीच राहिली तर टायर मधून फुगतो, कडा आत ओढल्या जातात, वळणावर गाडी अडखळत झुकते, आणि चेनला घासतो तो वेगळाच. धंदा सोडून खरं बोलणारा माणूस भेटला म्हणून लिहिलं.

धुळे, अपाचे आरआर३१०

माझं उलटं आहे. मी काही काढलं नाही, कारण मी काही लावलंच नाही, कंपनीकडूनच लावून आणलं. २०२१ पासून या गाडीला 'बिल्ट टू ऑर्डर' मिळतं. मी पुढचं आणि मागचं, दोन्ही सस्पेन्शन हातानं जुळवता येणारं घेतलं. गाडी कारखान्यातून तशीच निघाल्यामुळे कलम ५२ ची धास्ती नाही.

मित्र विचारतात, रेस ट्रॅकचं सस्पेन्शन धुळ्यात कशाला? धुळ्यातच पाहिजे ना भो! आग्रा रोडवर लळिंगचा घाट उतरताना थोडं कडक ठेवतो, गावात शिरायच्या आधी स्क्रू ढिला करतो. देवपुरातले गतिरोधक कुठल्या नियमात बसवलेत ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. पाच वेळा क्लिक क्लिक केलं की कंबर वाचते. पैसे वसूल.

शहादा, आर१५ व्ही४

मुलींचा अनुभव चालेल ना? या गाडीची सीट ८१५ मिमी उंच आहे आणि माझी उंची पाच फूट एक इंच. सिग्नलला एक पाय चवड्यावर, दुसरा हवेत. म्हणून मागच्या सस्पेन्शनची लिंक बदलून गाडी खाली घेतली. सव्वा इंच. दोन्ही चवडे टेकायला लागले, मी खूश.

जे कुणी सांगितलं नाही ते असं. गाडी खाली आली, पण साइड स्टँड तेवढाच लांब राहिला. त्यामुळे स्टँडवर गाडी तिरकी न राहता जवळजवळ सरळ उभी राहते. पानटपरीसमोर लावली, मागून ट्रॅक्टर गेला, वाऱ्यानं की थरथरीनं कोण जाणे, पलीकडच्या बाजूला आडवी. चार माणसं उचलायला धावली आणि चौघांनीही तोच प्रश्न विचारला, "ताई, स्कूटी का नाही घेत?" गाडी पडल्याचं दुःख कमी, त्याचं जास्त.

शिवाय तोरणमाळला गेले तेव्हा सातपायरीच्या वळणांवर गाडी पूर्वीसारखी पटकन झुकेना. गाडी मागून खाली बसली की पुढच्या चाकाचा काटा जास्त कलतो, हँडल आळशी होतं. परत आले ती लिंक काढायलाच.

आता काय केलं ते सांगते. सीटचा फोम दोन्ही कडांनी कातरून घेतला, वरून नाही. सीट अरुंद झाली की पाय सरळ खाली जातो. जाड तळव्याचे बूट. आणि सिग्नलला एकच पाय टेकायची सवय. नऊशे रुपयांत काम झालं.

चाळीसगाव, आरसी३९०

थोडक्यात लिहितो कारण लाज वाटते. कन्नडच्या घाटात रात्री दिसावं म्हणून दोन एलईडी फॉग लावले. रिले नाही, फ्यूज नाही, सरळ हेडलाइटच्या वायरला टोचून दिले. माझीच अक्कल, वायरमन ओळखीचा होता एवढंच. घाटाच्या मध्यावर जळका वास, मग सगळं अंधार. मागे कापसाचा ट्रक, पुढे दरी. मोबाइलचा टॉर्च दातात धरून गाडी कडेला ढकलली. आता एकही जादा दिवा नाही. रात्री घाटच चढत नाही.

भुसावळ, निंजा ३००

रेल्वेत आहे, वय ४६. ही सेकंडहँड घेतली तेव्हा सौ. दोन दिवस बोलली नाही. २९६ सीसी, दोन सिलिंडर, सतरा लिटरची टाकी. दोन सिलिंडरचं इंजिन एकदा चालवलं की एका सिलिंडरची गाडी शिलाई मशीनसारखी वाटते. (वरच्या सगळ्यांची माफी.)

बाहेरून काही लावलं नाही. चूक आतून केली. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर, गाडी सिग्नलला उभी की पंखा सतत चालू. कूलंट कमी दिसलं. सर्व्हिस सेंटर जिल्ह्याबाहेर, म्हणून घरचं बोअरचं पाणी ओतलं. पाणीच तर आहे, असा विचार. पाणीच नव्हतं ते, निम्मा क्षार. आमच्या बादलीला जो पांढरा थर बसतो, तोच सहा महिन्यांत रेडिएटरच्या नळ्यांत बसला. कूलंट नुसतं थंड करत नाही, त्यानं उकळबिंदू वर जातो आणि आत गंज धरत नाही. लोकोशेडमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे माहीत नसावं? होतं की. घरच्या गाडीला लागू आहे असं वाटलं नाही.

रेडिएटर बदलला. आकडा लिहीत नाही, सौ. हे वाचते.

अमळनेर, माझं गॅरेज आहे

सगळ्यांचं वाचलं. माझ्याकडे गाड्या 'लावायला' कमी आणि 'काढायला' जास्त येतात.

भुसावळच्या साहेबांना जोड. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगच्या रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांचा रेडिएटर एकदा बघा. जाळीत रुई बसलेली असते, वरून धूळ, वरून तेलाचा हात. गादीच होते. पोरं प्रेशर वॉशरनं मारतात आणि बारीक पत्र्याच्या पात्या वाकवून आणतात. साध्या नळाचं पाणी, आतून बाहेर, आणि मऊ ब्रश. एवढंच.

हवेचा हाय-फ्लो फिल्टर इथे लावू नका. हवा जास्त जाते, हवेबरोबर धूळही जाते. उन्हाळ्यात शेताच्या रस्त्यानं एक हंगाम चालवा, पिस्टनवर रेघा दिसतील.

पिकअपसाठी पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एक दातानं लहान करायला सगळे येतात. १४ च्या जागी १३ टाकलं तर त्याच स्पीडला इंजिन साडेसात टक्क्यांच्या आसपास जास्त फिरतं. गावात मजा येते, हायवेला धुळ्यापर्यंत जाईस्तोवर हात झिणझिणतात, पेट्रोलही जास्त जातं. निम्मे लोक महिन्यात परत येतात. मी जुनं स्प्रॉकेट नाव लिहून खिळ्याला टांगून ठेवतो, म्हणजे शोधावं लागत नाही.

आणि चेन! पाऊण लाखाचे पार्ट लावणाऱ्याच्या चेनवर बोटभर मळ. मी एकच सांगतो, पहिले चेनना मय काढ, मंग इंजिनन्या गोष्टी कर. केरोसीननं धुवा, पेट्रोलनं नको, ओ-रिंगचं रबर खराब होतं. पुसा, मग नव्वद नंबरचं गिअर ऑइल, तेही आतल्या बाजूनं. पाचशे किलोमीटरला एकदा, पावसात भिजली की त्याच दिवशी.

जळगाव (धागावाला)

गॅरेजवाले भाऊ, माळ्यावरचा सायलेन्सर तुमच्या खिळ्याला टांगता का?

अमळनेर

नको भो. तसे सात आहेत.

चोपडा, आरसी२०० (गाडी मुलाची)

मी निवृत्त शिक्षक. मुलगा पुण्याला नोकरीला लागला, तिथे पार्किंग नाही म्हणून गाडी इथेच ठेवून गेला. जाताना म्हणाला, "आठवड्यातून एकदा नुसती चालू करून ठेवा, बाबा." मी राजदूत चालवलेला माणूस, नुसती चालू कशी ठेवणार?

पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत. दुसऱ्या आठवड्यात शेतापर्यंत. हँडल इतकं खाली की मनगटं दुखली. मग कळलं की मनगटावर भार द्यायचा नसतो, गुडघ्यांनी टाकी धरायची असते, म्हणजे पाठ आपोआप वजन घेते. हे मला एका विद्यार्थ्यानं शिकवलं, तो आठवीत माझ्याच तासाला मागच्या बाकावर झोपायचा.

मुलानं गाडी शर्यतीची दिसावी म्हणून आरसे काढून ठेवले होते. या गाडीचे पुढचे इंडिकेटर आरशातच आहेत. म्हणजे आरशांबरोबर तेही गेले. मी त्याच्या कपाटातून शोधून परत लावले. हात दाखवून वळायला राजदूतवर ठीक होतं, यावर हात सोडला की हृदय थांबतं. मागच्या सीटवर दुधाची किटली जाळीच्या दोरीनं बांधतो. टाकीवर ओरखडे नकोत म्हणून हिचं जुनं मखमली ब्लाऊजपीस चिकटवलं आहे. इथं त्याला टँक पॅड म्हणतात हे आज वरती वाचून कळलं.

मुलाला फोटो पाठवला. त्यानं फक्त एक शब्द लिहिला, "बाबा". पुढे काहीच नाही.

दिवाळीला येतोय. आल्या आल्या आरसे काढायला पाना शोधेल. पाना मी शेतातल्या खोलीत ठेवलाय.