डहाणू तालुक्याच्या आरोग्यगरजांचा अभ्यास कसा करावा?

किनारपट्टी

नमस्कार. डहाणूतील एका छोट्या धर्मादाय न्यासाचे काम मी पाहतो. आरोग्यावर खर्च करण्यासाठी न्यासाकडे काही निधी जमला आहे. तो डायलिसिसच्या सोयीसाठी वापरावा की फिरत्या दवाखान्यासाठी, यावर विश्वस्तांचे एकमत होत नाही. आधी तालुक्याच्या गरजांचा नीट अभ्यास व्हावा, एवढे मात्र सर्वांना मान्य आहे.

अडचण अशी की तालुका एकजिनसी नाही. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ४ लाख होती. पश्चिमेला बंदरपट्टी आहे. तिथे मच्छीमारांची वस्ती, चिकूच्या वाड्या, नगरपरिषदेचे शहर आणि मुंबईकडे जाणारी लोकल आहे. रेल्वेमार्ग ओलांडून चारोटी-कासाच्या पलीकडे गेले की जंगलपट्टी लागते. तिथे प्रामुख्याने वारली समाज विखुरलेल्या पाड्यांत राहतो आणि एकाच महसुली गावाचे पाडेही एकमेकांपासून बरेच लांब असतात. जिल्ह्याची प्रसिद्ध आकडेवारी आणि दवाखान्यांतील बाह्यरुग्ण नोंदी यांच्या आधारे अहवाल लिहिणे योग्य ठरेल का? की घरोघरी पाहणी करावीच लागेल?

नमुनापाहणी

जिल्ह्याच्या आकड्यांवर हा निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा एका बाजूला वसई-विरारसारखे महानगर आणि दुसऱ्या बाजूला जव्हार-मोखाड्याचे डोंगर असा आहे. त्याची सरासरी काढली की जे चित्र उभे राहते, ते यांपैकी कोणत्याच ठिकाणी प्रत्यक्षात दिसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ७०७ जिल्ह्यांत मिळून ६,३६,६९९ कुटुंबांची पाहणी झाली, म्हणजे सरासरीने एका जिल्ह्यात नऊशेच्या आसपास. एवढ्या नमुन्यातून जिल्ह्याविषयी बोलता येते, तालुक्याविषयी नाही, आणि तालुक्यातील दोन पट्ट्यांची तुलना तर मुळीच करता येत नाही.

त्यामुळे पाहणी करावीच, पण तालुक्याचे आधी भाग पाडावेत: बंदरपट्टी, रेल्वेलगतची शहरी वस्ती आणि जंगलपट्टी. प्रत्येक भागातून स्वतंत्र नमुना घ्यावा आणि निवडीचे एकक महसुली गाव न धरता पाडा धरावे. गाव धरले की पाहणी करणारे शाळा आणि रस्ता असलेल्या मुख्य पाड्यावर थांबतात. लांबचा पाडा कागदावर मोजला जातो, प्रत्यक्षात वगळला जातो. पाड्यांच्या याद्या अंगणवाडी सेविकांच्या सर्वेक्षण नोंदवहीत मिळतात.

नमुन्यातून काय मोजता येत नाही, हेही आधीच ठरवून घ्यावे. लसीकरण, रक्तदाब, मुलांचे वजन-उंची, दवाखान्यापर्यंतचा वेळ आणि खर्च या गोष्टी मोजता येतात. मातामृत्यूचे प्रमाण मात्र तालुका पातळीवर मोजण्याचा प्रयत्न करू नये. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पद्धतीनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते. तालुक्यात वर्षाला ७,००० जन्म धरले तरी त्या दराने दोन-तीन मृत्यू येतात. अशा संख्येची टक्केवारी निरर्थक असते. तिथे प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी करणे हाच मार्ग आहे. त्रास कधी सुरू झाला, वाहन कधी मिळाले, कोणत्या दवाखान्यातून पुढे पाठवले आणि मध्ये किती तास गेले, हे घरच्यांकडून शांतपणे समजून घ्यावे लागते.

निवृत्त_परिचारिका

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. आरोग्य उपकेंद्रावर अनेक वर्षे काम केल्यामुळे काही गोष्टी जोडाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट ऋतूची. दिवाळीनंतर जंगलपट्टीतील कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर वसई, भिवंडी, कल्याणकडे जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पाहणी करणाऱ्या संस्थांना मात्र जानेवारी-फेब्रुवारी सोयीचा वाटतो, कारण रस्ते कोरडे असतात. त्या दिवसांत पाड्यावर म्हातारी माणसे आणि मागे ठेवलेली मुले भेटतात. गरोदर बाई भट्टीवर असते. तिच्या तपासण्या चुकतात आणि तान्ह्या मुलाच्या लशी राहून जातात, पण तुमच्या तक्त्यात ती बाईच नसते. आवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत चित्र आणखी वेगळे असते. तेव्हा ताप, जुलाब आणि सर्पदंश वाढतात, आणि जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला रात्री मण्यार चावली तर जखम दिसतही नाही. म्हणून निदान दोन वेळा पाहणी करा: एकदा भर पावसाळ्यात आणि एकदा स्थलांतराच्या काळात, तीही शक्य असल्यास भट्ट्यांवर जाऊन.

दुसरी गोष्ट नोंदींची. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार घटना जिथे घडते तिथे तिची नोंद होते. आपल्याकडचे गंभीर रुग्ण सिल्वासा, वापी, वलसाड येथे जातात. तिथे मृत्यू झाला तर नोंदही तिथेच होते आणि तालुक्याच्या नोंदवहीत तो दिसत नाही. बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदी आणखी अपुऱ्या असतात, कारण दवाखान्यापर्यंत पोचलेला माणूसच तिथे लिहिला जातो. जो आधी भगताकडे गेला, ज्याच्याकडे रिक्षाचे भाडे नव्हते, ज्याने औषध संपल्यावर पुन्हा यायचे सोडले, त्यांची गरज सर्वांत मोठी असूनही ती कुठेच उमटत नाही. भगतांशी आणि सुईणींशी आदराने बोला. कोणत्या घरात काय घडले, हे त्यांना माहीत असते.

न बोललेल्या दुखण्याविषयी मला विशेष कळकळीने सांगायचे आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले, आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. दवाखान्याच्या नोंदी पाहून त्या गावांची गरज ठरवली असती, तर हे दुखणे अस्तित्वातच नाही असे वाटले असते. तुमच्या प्रश्नावलीत हा भाग ठेवा, तो स्त्रियांनीच विचारावा आणि वारली बोलणाऱ्या स्थानिक मुलींना त्यासाठी प्रशिक्षण द्यावे. परक्या माणसाने प्रमाण मराठीत, सासू आणि नवरा समोर बसलेले असताना विचारले, तर उत्तर 'काही त्रास नाही' असेच मिळते.

पेसा_अभ्यासक

एक व्यावहारिक सूचना. तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. पेसा, म्हणजे अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के थेट निधी मिळतो आणि आरोग्य, स्वच्छता व शिक्षण हे त्याच्या खर्चाचे एक मान्य क्षेत्र आहे. त्यामुळे निष्कर्ष आधी ग्रामसभेपुढे ठेवावेत आणि प्राधान्यक्रम तिथे ठरू द्यावा. पाण्याची टाकी, पाड्याचा रस्ता किंवा रात्री मिळणारे वाहन यांवर गाव स्वतः खर्च करू शकले, तर न्यासाचा निधी उरलेल्या कामाला लागेल.

किनारपट्टी

सर्वांचे आभार. डायलिसिसची मागणी शहरातील कुटुंबांनी लेखी केली आहे, फिरत्या दवाखान्याची मागणी कोणीच केलेली नाही, आणि विश्वस्तांपैकी बहुतेक शहरात राहतात. मागणी आहे म्हणून डायलिसिस अग्रक्रमाचे, असे म्हणता येईल का?

नमुनापाहणी

केवळ तेवढ्यावरून म्हणता येणार नाही, पण ती मागणी खोटीही समजू नये. आठवड्यातून दोन-तीनदा प्रवास करणाऱ्या रुग्णाचे हाल खरे आहेत. तालुक्यातील किती रुग्ण सध्या डायलिसिस घेतात, कुठे जातात, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून त्यांचा खर्च भागतो का आणि जवळच्या केंद्रांत जागा शिल्लक असते का, एवढी माहिती थोड्या दिवसांत गोळा होईल. केंद्रात जागा असेल आणि अडचण फक्त प्रवासाची असेल, तर यंत्र विकत घेण्याऐवजी वाहनाची सोय पुरेल.

जंगलपट्टीकडून मागणी आलेली नाही, याचे कारण आधी तपासा. आदिवासी आणि डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि २०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष आहे. पण तो डोकी मोजतो, ओढे आणि चढ मोजत नाही. निवडलेल्या प्रत्येक पाड्यावरून उपकेंद्रापर्यंत पावसाळ्यात पायी किती वेळ लागतो, हे चालून नोंदवा आणि तो रकाना तक्त्यात रोगांच्या आधी ठेवा. फिरता दवाखाना घ्यायचा ठरला, तर त्याचा मार्ग त्याच रकान्यावरून आखता येईल. विश्वस्तांपैकी एक-दोघे त्या चालण्यात सोबत आले तर फार चांगले.