गीता जयंतीला विचारलेला प्रश्न

विषय: नववा अध्याय

सर्वांना नमस्कार,

शनिवारी गीता जयंतीचं पठण छान झालं. एवढ्या बर्फातही मंडळी आली, अठराही अध्याय पूर्ण झाले. पण एक गोष्ट दोन दिवस मनातून जात नाही, म्हणून लिहिते.

नववा अध्याय संपल्यावर माझ्या लेकीने हात वर केला. तिच्या पुस्तकात मराठी अर्थ होता: स्त्रिया, वैश्य, शूद्र हेसुद्धा माझा आश्रय घेऊन परमगतीला जातात. तिने विचारलं, "इथे 'सुद्धा' कशाला?" तिला सांगण्यात आलं की असे प्रश्न विचारायचे नसतात, मोठी झालीस की कळेल. ती गप्प बसली. परतताना गाडीत तिने मांडीवरचं पुस्तक उचललं आणि मागच्या सीटवर ठेवून दिलं.

ती सोळा वर्षांची आहे. चेष्टा करत नव्हती. आधीचे अठरा दिवस रोज रात्री एकेक अध्याय अर्थासकट वाचला होता तिने, म्हणून तर तो शब्द तिला दिसला. मुलं वाचत नाहीत म्हणून आपण दर बैठकीत हळहळतो. मग जी वाचून विचारते तिला गप्प का करायचं?

उत्तर: नववा अध्याय

ताई,

ते उत्तर मी दिलं होतं. माझं चुकलं.

इथे येऊन एकतीस वर्षं झाली. आपल्या धर्माबद्दल मला जे प्रश्न विचारले गेले, त्यातले बरेचसे टोचण्यासाठीच होते. त्यामुळे प्रश्न कानावर आला की मी आधी दार लावून घेतो. पोरीच्या बाबतीतही तेच झालं. तिचा चेहरा उतरलेला मी पाहिला, तरी पुढचा अध्याय सुरू केला.

तरीही पठण चालू असताना मध्येच चर्चा नको, हे माझं मत कायम आहे. त्यासाठी वेगळं बसू. आणि एक शंका माझीही: हा श्लोक मागाहून कुणी घातलेला असेल का?

उत्तर: नववा अध्याय

काका, ताई,

प्रक्षिप्त म्हणून सुटका होणार नाही. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, त्यातलं भीष्मपर्व बेलवलकरांनी संपादलं, 1947 साली. हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेल्या त्या संहितेतही 9.32, म्हणजे हाच श्लोक, आहेच.

अडचण श्लोकातल्या 'पापयोनयः' (पापी योनीत जन्मलेले) या शब्दापासून सुरू होते. शंकराचार्यांच्या भाष्यात पापयोनी कोण, तर स्त्रिया, वैश्य आणि शूद्र, असा सरळ अन्वय आहे. तो लपवून मुलांसमोर बसू नये. उद्या त्यांनाच सापडेल आणि मग आपल्या कुठल्याच शब्दावर विश्वास उरणार नाही. टिळकांनी गीतारहस्यात पापयोनी हा वेगळा गट धरला, स्त्रियांचं विशेषण मानलं नाही. त्यांच्या कितीतरी आधी, 1290 साली, माऊलींनी लिहिलं: 'म्हणौनि पापयोनीहि अर्जुना । कां वैश्य शूद्र अंगना'. ते 'कां' म्हणजे 'किंवा'. एवढ्याशा शब्दाने त्यांनी पापयोनी वेगळे आणि वैश्य, शूद्र, अंगना म्हणजे स्त्रिया वेगळ्या केल्या. ही ओवी मी शाळेत असल्यापासून म्हणत आले, पण त्या 'कां'जवळ या मुलीच्या प्रश्नामुळे पहिल्यांदा थांबले.

पण शब्द सुटे करूनही 'तेऽपि', म्हणजे 'तेसुद्धा', राहतंच. पुढचाच श्लोक म्हणतो, मग पुण्यवान ब्राह्मण आणि राजर्षी यांच्याबद्दल काय सांगावं! हा कैमुतिक न्याय: यांनासुद्धा मिळतं, मग त्यांचं काय विचारता. म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोक्यात उतरंड आहे हे धरूनच बोलणं चाललंय. आणि तीनच श्लोक आधी तोच कृष्ण म्हणतो, 'समोऽहं सर्वभूतेषु', सगळ्या प्राण्यांना मी सारखाच. माझ्या मते मुलीने बरोबर जागी बोट ठेवलं आहे.

आपल्या परंपरेला हे पेलवत नाही असं कुणी म्हणू नये. ज्ञानेश्वरीत अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे माऊली खुद्द वेदाला कृपण म्हणतात: संपन्न खरा, पण तीन वर्णांच्याच कानी लागला, स्त्रीशूद्रांना वगळून बसला. तेच उणं फेडायला वेद गीता होऊन आला, असं ते सांगतात. वेदावर एवढं प्रेम असलेला माणूस हे लिहितो!

बसायचं तर न्यायशास्त्रातला 'वाद' करू. मराठीत वाद म्हणजे भांडण झालंय, पण न्यायसूत्रांत खरं काय ते दोघांनी मिळून शोधायचं तो वाद. जिंकण्यासाठी बोलणं हा जल्प, स्वतःची बाजूच न मांडता नुसतं खोडत राहणं ही वितंडा. माझी एकच अट: आधी समोरच्याचा पूर्वपक्ष, म्हणजे त्याचं म्हणणं, आपण मांडायचा, तो "हो, हेच" म्हणेपर्यंत. मग आपलं उत्तर. आणि श्लोक उघडा समोर हवा, फॉरवर्ड आलेला अर्थ चालणार नाही.

उत्तर: नववा अध्याय

मान्य. जानेवारीचा दुसरा रविवार, दुपारी तीन, वाचनालयाची खालची खोली. चहा माझ्याकडून.

बाळा, तू हे वाचत असशील तर तुझा पूर्वपक्ष मांडून बघतो. तुझं म्हणणं असं: देवाला सगळे सारखे असतील, तर काहींच्या बाबतीत 'सुद्धा' म्हणावं लागणं हाच भेदभाव. बरोबर?

उत्तर: नववा अध्याय

काका, आईच्या मेलवरून लिहितेय.

जवळजवळ बरोबर. पण देव भेदभाव करतो असं मी म्हणत नाहीये. कृष्ण हे अर्जुनाला सांगतोय, स्त्रियांबद्दल. समोर एखादी बाई बसून ऐकत असती तर त्याने तिला "तूसुद्धा" म्हटलं असतं का? शनिवारी मी तिथे बसून ऐकत होते, म्हणून मला ते लागलं.

रविवारी येते. आता तुमचा पूर्वपक्ष मी मांडणार. त्यासाठी मला शंकराचार्यांचं भाष्य मराठी अर्थासकट लागेल. तुमच्याकडे आहे का?