‘थर्टी किलोमीटर्स फार’ चुकलं कुठे?

प्रश्न

लेकाच्या आठवीच्या निबंधात वाक्य होतं, ‘त्र्यंबकेश्वर इज थर्टी किलोमीटर्स फार फ्रॉम नाशिक.’ बाईंनी ‘फार’वर लाल फुली मारली आणि बाजूला काहीच लिहिलं नाही. तो वही घेऊन माझ्याकडे. मला तर वाक्य बरोबरच वाटलं. फार म्हणजे लांब, आणि त्र्यंबक इथून 30 किलोमीटर लांब आहेच की! शिवाय ‘हाऊ फार इज इट?’ असं विचारतातच ना?

उत्तर

ताई, फुली बरोबर आहे, फक्त कारण लिहायला हवं होतं. आपल्या ‘लांब’ला आकडा चालतो, इंग्रजी ‘फार’ला चालत नाही. आकडा आला की ‘अवे’ घ्यायचं: ‘त्र्यंबक इज थर्टी किलोमीटर्स अवे.’ किंवा तेही नको, नुसतं ‘थर्टी किलोमीटर्स फ्रॉम नाशिक’. प्रश्नात ‘हाऊ फार’ चालतं, पण आकड्याच्या उत्तरात ‘फार’ येत नाही.

लेकाला असं सांगून बघा. मराठीत आपण ‘पाच फूट खोल खड्डा’ म्हणतो, पण ‘पाच किलो जड दगड’ म्हणत नाही, ‘पाच किलोचा दगड’ म्हणतो. खोलला माप चालतं, जडला नाही. कुणी शिकवलं आपल्याला हे? कुणीच नाही. इंग्रजीतही ‘डीप’, ‘टॉल’, ‘लाँग’ यांना माप चालतं, ‘हेवी’ आणि ‘फार’ला चालत नाही. त्यांचं ‘फार’ हे आपल्या ‘जड’च्या पंगतीतलं.

अजून एक. सीबीएसवर, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, उभं राहून नाशिकरोड स्टेशनबद्दल कुणी ‘इज इट फार?’ विचारलं, तर ‘नो, इट इजन्ट फार’ हे सरळ उत्तर. (9 किलोमीटर आहे, म्हणजे हे उत्तर रिक्षावालाच देणार.) प्रश्नात आणि नकारात ‘फार’ मजेत बसतं. होकारात मात्र ‘वी वॉक्ड फार’ कानाला खटकतं, तिथे ‘अ लाँग वे’ म्हणतात. ‘टू फार’ला हरकत नाही.

आणखी एक शंका

मी ऑफिसात कायम ‘आय वेन्ट टिल पंचवटी’ म्हणत आलोय. परवा एकजण हसला. तेही चुकीचंच का?

उत्तर

हो दादा, आणि दोष आपल्या ‘-पर्यंत’चा. रामकुंडापर्यंत चाललो, संध्याकाळपर्यंत बसलो, हजारापर्यंत खर्च आला. जागा, वेळ, रक्कम, तिन्हींना एकच शेपूट. इंग्रजीत हे वाटून घ्यावं लागतं. ‘टिल’ वेळेचं: ‘टिल इव्हनिंग’. रकमेला ‘अप टू’. आणि चालत कुठवर गेलात ते सांगायला ‘ॲज फार ॲज रामकुंड’. हेच ‘ॲज फार ॲज’ पुढे ‘आय नो’ला चिकटलं की अर्थ होतो ‘माझ्या माहितीप्रमाणे’. पाय नाही, माहिती चालत जाते, जिथवर पोचेल तिथवर. मला हा प्रयोग फार आवडतो, आणि हे ‘फार’ मराठी बरं का.

त्यावरून आठवलं. ‘धिस मिसळ इज फार बेटर’ हे शुद्ध इंग्रजी आहे (मिसळ सोडून). ‘फार गुड’ मात्र नाही. साध्या ‘गुड’ला ‘व्हेरी’, तुलनेतल्या ‘बेटर’ला ‘फार’ किंवा ‘मच’. आपलं ‘फार चांगलं’ म्हणजे त्यांचं ‘व्हेरी गुड’, आणि त्यांचं ‘फार बेटर’ म्हणजे आपलं ‘कितीतरी बरं’. उच्चार सारखा म्हणून फसायला होतं.

‘फार्दर’ आणि ‘फर्दर’चा घोळ कुणी काढायच्या आत सांगून टाकतो: अंतराला दोन्ही चालतात, ‘आणखी माहिती’ म्हणायचं असेल तर ‘फर्दर’च. एकच लक्षात ठेवायचं तर ‘फर्दर’ ठेवा, कुठे अडणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती

लेकाला सगळं वाचून दाखवलं. जड दगडाचं लगेच पटलं, वाक्य बदललं. आता विचारतोय, सहामाही दोन आठवडे लांब आहे, तिथे काय?

उत्तर

‘टू वीक्स अवे’. आणि त्याला म्हणावं, अभ्यासाला बस.