ग्लोबल स्टडीजच्या मायनरमध्ये मुले नेमके काय शिकतात?

न्यूजर्सीकर: मुलीने अमेरिकेतल्या विद्यापीठात अर्थशास्त्राच्या जोडीला ग्लोबल स्टडीजचा मायनर, म्हणजे दुय्यम विषय, घेतला आहे. सहा विषय, अठरा क्रेडिट्स; त्यांत जागतिकीकरण, स्थलांतर, मानवी हक्क, हवामानबदल आणि एक परकीय भाषा. सगळ्याचे थोडे थोडे, पुरते कशाचेच नाही. त्याऐवजी संख्याशास्त्र घेतले असते, तर नोकरीत उपयोगी पडले असते.

वऱ्हाडची लेक: ‘सगळ्याचे थोडे थोडे’ हे वाचून राहवले नाही. माझ्या मुलाने हाच मायनर केला. एका विषयात त्यांना एकच वस्तू निवडून तिचा माग काढायचा होता. त्याने कापूस निवडला. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तो त्या भारतातून घेऊ लागल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. 1865 मध्ये युद्ध संपताच तीच मुंबई दिवाळखोरीत बुडाली. शाळेत मीही हे वाचले होते, पण परीक्षेपुरतेच. त्याने मात्र माझ्या वडिलांना फोन करून विचारले, “आजोबा, आपल्या वावरात ज्वारी कमी होऊन कापूस कधी वाढला?” वडील अर्धा तास बोलत होते.

न्यूजर्सीकर: ताई, प्रश्न उत्तम आहे, पण तो घरात आजोबा होते म्हणून सुचला. त्याचे श्रेय विद्यापीठाला कशासाठी?

कोरडवाहू: कापसाचा विषय निघालाच आहे, तर पुढचेही बोला. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना अनुदान देते आणि त्याने जगभरातला भाव पडतो, अशी तक्रार ब्राझीलने 2002 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत केली, ती जिंकली आणि 2014 मध्ये 30 कोटी डॉलर घेऊन तडजोड केली. आमच्या यवतमाळला त्यातला छदामही आला नाही. गेल्या हंगामात व्यापाऱ्याने माझ्या गाडीत कोपरापर्यंत हात घालून मूठभर कापूस बाहेर काढला, दाबून पाहिला आणि ओलावा जास्त म्हणून क्विंटलमागे भाव तोडला. हे शिकवतात का?

न्यूजर्सीकर: काट्यावरची कपात आणि अमेरिकेचे अनुदान यांची गल्लत करू नका.

कोरडवाहू: गल्लत कसली, साहेब? जगाचा भाव माझ्यापर्यंत त्या काट्यावरूनच पोचतो. आपण कधी गाडी घेऊन तिथे रात्र काढली आहे का?

वऱ्हाडची लेक: दादा, ब्राझीलचा खटला मुलाच्या अभ्यासक्रमात होता. ओलाव्याची कपात नव्हती, आणि ती उणीवच आहे.

भाषाशिक्षिका: माझी तक्रार वेगळी आहे. रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडल्यानंतर 1958 च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने अमेरिकेत परकीय भाषांच्या आणि प्रदेशांच्या अभ्यासाला पैसा पुरवला. तेव्हा निदान भाषा पक्की करून घेत. मी शिकवते तिथे दोन सत्रांत अट पूर्ण होते आणि विद्यार्थ्याला वर्तमानपत्राचा मथळाही धड वाचता येत नाही. ज्या लोकांविषयी निबंध लिहायचा, त्यांचे बोलणे कळत नसेल, तर त्या निबंधात दुसऱ्यांनी इंग्रजीत लिहिलेलेच उतरणार.

न्यूजर्सीकर: हे मात्र मान्य. काल मुलीला मुद्दाम विचारले. 1991 मध्ये भारताने सोने गहाण ठेवले आणि कर्जासाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी स्वीकारल्या, त्यावर ती लिहीत आहे. तेव्हा मी पुण्यात नोकरी शोधत फिरत होतो. तिने तासभर मलाच प्रश्न विचारले आणि त्यांतल्या निम्म्यांची उत्तरे मला आली नाहीत. मायनर अगदीच वाया गेला, हे मी मागे घेतो. संख्याशास्त्राचा आग्रह सोडत नाही.

कोरडवाहू: सोडू नका. फक्त दिवाळीनंतर तिला आठ दिवस इकडे पाठवा, मी काट्यापाशी घेऊन जातो.